हायफाँगच्या खुणा आधी टिपा, प्रमाणीकरण नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो. त्या निमित्ताने व्हिएतनाममधल्या हायफाँगबद्दल लिहावेसे वाटले. उत्तरेकडच्या या मोठ्या बंदरात कर्णबधिरांची स्वतःची भाषा आहे. हनोई आणि हो चि मिन्ह सिटी इथल्या सांकेतिक भाषांहून ती वेगळी आहे, हे जेम्स वुडवर्ड या भाषाशास्त्रज्ञांनी खुणा ताडून दाखवले. आज तिची गणना धोक्यातल्या भाषांमध्ये होते.

एवढ्या मोठ्या शहरातली भाषा कशी संपेल, असे कुणालाही वाटेल. पण दहातली नऊ कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांना भाषा घरी मिळत नाही, शाळेत मिळते आणि तीही बहुधा वर्गाबाहेर. मी कर्णबधिरांच्या निवासी शाळेत शिकवते. खोलीतले दिवे घालवले की गप्पाच बंद पडतात, म्हणून मुले व्हरांड्यातल्या बल्बखाली जमतात आणि दिवसभराचे सगळे तिथे हातांनी सांगून होते. नव्या मुलाला खुणा शिकवतात ती मोठी मुलेच. नव्या बाईंचे खुणेतले नावही तीच ठरवतात. माझे ठरले भुवईवरच्या व्रणावरून. एका पिढीत ही देवघेव थांबली तर पुढच्यांना शिकवायला कुणी उरत नाही.

जवळच्या थायलंडमध्ये हेच झाले. १९५०च्या दशकात तिथल्या शाळांतून अमेरिकन खुणा आल्या, त्यांच्या मिश्रणातून आजची थाई सांकेतिक भाषा घडली आणि बँकॉक व चिआंग माईच्या जुन्या खुणा म्हाताऱ्या माणसांपुरत्या राहिल्या. हायफाँगच्या खुणांचे त्या जुन्या खुणांशी नाते आहे, असे वुडवर्ड यांचे मत. हनोई आणि हो चि मिन्ह सिटीच्या भाषांत तर शाळांमुळे फ्रेंच खुणा पुष्कळच मिसळल्या. व्हिएतनाममधली पहिली कर्णबधिर शाळा एका फ्रेंच धर्मगुरूंनी १८८६ मध्ये सायगॉनजवळ (आजचे हो चि मिन्ह सिटी) काढली होती.

व्हिएतनामच्या शिक्षण मंत्रालयाने २०२० मध्ये सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय मानक जाहीर केले. माझा त्याला विरोध नाही. परीक्षा, बातम्या, दुभाष्यांचे प्रशिक्षण, सगळ्यालाच सामाईक खुणा लागतात. मात्र मानक शाळेत शिरले की गावची खूण ‘चुकीची’ ठरायला वेळ लागत नाही, आणि मुलांचे हात दुरुस्त करणारे आम्ही शिक्षकच असतो.

आपल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाची तरतूद आहे. त्याच परिच्छेदात स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखावा आणि शक्य तिथे त्या शिकवाव्यात, असेही म्हटले आहे. पहिल्या वाक्याची चर्चा होते, दुसऱ्याची क्वचितच.

हायफाँगमधल्या वयस्क कर्णबधिरांच्या गप्पा, गोष्टी, आठवणी चित्रफितीवर घ्यायला हव्यात, त्याही त्यांच्याच समाजातल्या तरुणांकडून, पगार देऊन. आपल्याकडच्या जुन्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांबाबतही हे काम शिक्षण खात्याने याच वर्षी हाती घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, सांगली