नवजात बाळाचे डोळे तपासल्याशिवाय घरी सोडू नये

महोदय,

लहान मुलांच्या दृष्टिपटलात होणारा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग साधारणपणे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास होतो. देशातील जन्मांची संख्या पाहता दर वर्षी हजाराहून अधिक घरांवर हे संकट येते. तरीही प्रसूतीनंतर घरी सोडताना बाळाचे वजन, कावीळ आणि लस यांची नोंद जितक्या काळजीने होते, तितकी त्याच्या डोळ्यांची होत नाही. ग्रामीण भागात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून काम करताना याचे परिणाम मी पाहिले आहेत. 'रात्री दिव्यात डोळा मांजरासारखा चमकतो' असे आई सांगत असते, पण घरातली मंडळी त्याकडे लक्ष देत नाहीत. तिरळेपणा तर मोठेपणी आपोआप जाईल असे गृहीत धरले जाते. वास्तविक बाहुलीतली ही पांढरी चमक आणि नव्याने आलेला तिरळेपणा हीच या रोगाची प्रमुख लक्षणे आहेत. गाठ लहान असताना लेसर, अतिशीत उपचार आणि केमोथेरपी यांनी डोळा व दृष्टी दोन्ही राखता येतात. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, आणि रोग दृष्टिनाडीतून मेंदूकडे सरकला तर जीवही वाचवणे अवघड होते.

सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये हा रोग आनुवंशिक स्वरूपाचा असतो. १३व्या गुणसूत्रावरील आरबी-१ या जनुकातील दोष शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो आणि अशा व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. दोन्ही डोळ्यांना झालेला रोग आनुवंशिकच समजावा. एकाच डोळ्याला झाला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. म्हणून गरोदरपणातील पहिल्याच नोंदणीत 'कुटुंबात कोणाचा डोळा लहानपणी काढावा लागला होता का?' हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. लग्न जमताना लपवलेली ही गोष्ट आरोग्यसेविकेने एकांतात, धीर देऊन विचारली तर कळू शकते, असा माझा अनुभव आहे. उत्तर होकारार्थी असेल तर त्या बाळाची तपासणी पहिल्या आठवड्यातच, थेंब घालून बाहुली मोठी करून, दृष्टिपटलाच्या कडांपर्यंत व्हावी आणि पुढे काही आठवड्यांच्या अंतराने ती होत राहावी. बाधित मुलाच्या रक्तात नेमका जनुकीय दोष सापडला तर भावंडांचीही चाचणी करता येते; ज्यांच्यात तो उतरलेला नाही, त्यांची पुन्हा पुन्हा भूल देऊन होणाऱ्या तपासण्यांतून सुटका होते.

मात्र आनुवंशिक रोग असलेल्या बहुतेक मुलांच्या घरात आधी कोणालाही तो झालेला नसतो. दोष त्यांच्यातच प्रथम निर्माण झालेला असतो. त्यामुळे केवळ कौटुंबिक इतिहासावर विसंबता येणार नाही. अंधाऱ्या खोलीत, हातभर अंतरावरून ऑफ्थॅल्मोस्कोपने (डोळ्यात प्रकाश टाकून आतले पाहण्याच्या उपकरणाने) दोन्ही बाहुल्यांतील तांबडे प्रतिबिंब पाहण्याची 'रेड रिफ्लेक्स' तपासणी प्रत्येक नवजात बाळाची व्हावी. तिला मिनिट-दोन मिनिटे लागतात आणि तिच्यातून जन्मजात मोतीबिंदूही सापडतो. कडेची लहान गाठ तिच्यातून निसटू शकते, त्यामुळे लसीकरणाच्या भेटींच्या वेळी ती पुन्हा करावी आणि ती स्वच्छ आली म्हणून जोखमीच्या बाळाची सविस्तर तपासणी टाळू नये.

मुलांमधील जन्मजात दोष व आजार तपासणीतून लवकर शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे आणि त्यात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे; म्हणजे नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक केंद्रात चालू स्थितीतला ऑफ्थॅल्मोस्कोप आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण, माता व बाल संरक्षण कार्डावर दोन्ही डोळ्यांच्या प्रतिबिंबाची स्वतंत्र नोंद, तसेच शंका आलेल्या बाळाला तालुक्यात फिरवत न ठेवता थेट बालनेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याची लेखी व्यवस्था, एवढे आदेश आरोग्य विभागाने काढावेत. घरभेटीला जाणाऱ्या आशाताईंनाही पांढऱ्या चमकेचे छायाचित्र दाखवून ठेवावे, कारण आईची तक्रार सर्वांत आधी त्यांच्याच कानावर येते.

— एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी, जि. सातारा