वैजूला, गोड्या मसाल्यावरून

प्रिय वैजू,

दोन वर्षं पत्र नाही, फोन नाही. आईच्या वेळी तू नागपूरहून रात्रीचा प्रवास करून आलीस आणि मी नंतर साधी चौकशीही केली नाही. रागावली असशील तर हक्कच आहे तुझा, पण आधी हे वाच. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, गुडघा कुरकुरतो.

परवा रात्री साडेनऊला मंदावहिनींच्या ओवीला घेऊन आले. बापाच्या खांद्यावर मान टाकलेली, ओठ सुजलेले, अंगभर गांधी, आणि श्वासाला ती शीळ. मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. सोळा किलोची पोर, ०.१६ मिली. थोड्या वेळाने ती भोकाड पसरून रडली, तेव्हा मला खाली बसावंसं वाटलं. त्रास पुन्हा उलटेल म्हणून रात्रभर ठेवून घेतली.

ओवीला तिळाची अ‍ॅलर्जी, तीळ चालत नाहीत हे त्या घरात सगळ्यांना पाठ आहे. संक्रांतीला तिच्यासाठी वेगळ्या खोबऱ्याच्या वड्या होतात. मग हे कशाने झालं? पाकिटातल्या तयार आमटीने. वहिनी ते पाकीट पदरात बांधूनच आल्या होत्या. मागे लिहिलंय: तूरडाळ, गूळ, मीठ, हिंग, मसाले. हिंगातल्या गव्हाची सूचना ठळक छापलीय, तिळाचं नाव नाही. सकाळी पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. माणूस भला होता. म्हणाला, "ताई, गोडा मसाला म्हटल्यावर तीळ आलेच की!"

वैजू, हे वाक्य तू मेसमध्ये किती वेळा बोलली होतीस! आमटीचं पातेलं आलं की तू आचाऱ्याला विचारायचीस आणि आम्ही सगळ्या हसायचो. तुझ्या प्रबंधासाठी माझा हात पुढे करून बसायचे मी, निळ्या पेनाने चौकटी आखून अ‍ॅलर्जी तपासायला तू एकेका पदार्थाचा थेंब टोचायचीस, आणि पंधरा मिनिटांनी पारदर्शक पट्टीने गांध मोजायचीस. तीन मिलिमीटर झाली की डोळे चमकायचे. तुलनेसाठी मुद्दाम गांध उठवणाऱ्या हिस्टामिनच्या त्या एका ठिपक्याची खाज मला अजून आठवते. त्याबद्दलची आइस्क्रीम तू अद्याप दिलेली नाहीस.

आणि आपलं ते भांडण. "इथे पोरं जुलाबाने, न्यूमोनियाने जातात, तुझं तिळाचं काय घेऊन बसलीस?" मी वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाले होते. चुकले मी. जुलाबाची पोरं खरी होती, पण ओवीही खरी आहे.

काल २०२० चे आपले खाद्यपदार्थांच्या लेबलचे नियम काढून बसले. अ‍ॅलर्जीसाठी ज्यांची सूचना छापावीच लागते ती यादी: ग्लुटेनवाली धान्यं, कोळंबी-खेकडे, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि कठीण कवचाची फळं, सोयाबीन, सल्फाइट. तीळ नाहीत. तिळगुळाच्या देशात! युरोपच्या चौदा पदार्थांच्या यादीत तीळ आहेत, मोहरीसुद्धा. तरी तिथेही फट होतीच. २०१६ मध्ये नताशा एडनान-लापरूज ही पंधरा वर्षांची मुलगी लंडनच्या विमानतळावर घेतलेल्या बगेतमधल्या (लांबट पावातल्या) तिळाने गेली. तीळ पिठातच मळलेले, आणि दुकानात बांधलेल्या पदार्थावर सगळे घटक छापायची सक्ती नव्हती. आईबाप लढले, १ ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडात ती सक्ती आली. अमेरिकेत आधी एकट्या इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये तीळ छापायचा कायदा केला. त्याच साली त्याच राज्यातल्या शिकागोच्या रुची गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं की अमेरिकेत तिळाची अ‍ॅलर्जी असलेले लोक दहा लाखांहून जास्त आहेत. ही रुचीही तुझ्यामाझ्यासारखीच मुलांची डॉक्टर. १ जानेवारी २०२३ पासून सबंध देशाला नियम लागू झाला.

आपल्याकडे मोजलंय कोणी? तू मोजलंस, आणि ते काळ्या बाइंडिंगमध्ये, सोनेरी अक्षरांखाली ग्रंथालयात पडून आहे. गाइडची सही झाली की संपलं. वैजू, नियमांचे मसुदे सूचना-हरकतींसाठी खुले होतात. कोणीही लिहू शकतं. मला एकटीला हे जमणार नाही, मी ताप-खोकल्यातली. तुझ्याकडे आकडे आहेत, माझ्याकडे ओवीचं पाकीट आहे. दोघींच्या सहीने पाठवू. लहान नमुना आहे, जुना आहे, असं म्हणशील, मला माहीत आहे. म्हणू देत त्यांना, पण आधी त्यांच्या टेबलावर तर जाऊ दे.

अण्णांचं मोतीबिंदू झालं का? चिन्मयची बारावी यंदाच ना? नवीन घराला गच्ची आहे असं सुमी म्हणाली. छान झालं.

प्रबंधाच्या शेवटी मसाल्यांचं ते परिशिष्ट होतं, कशात तीळ, कशात खसखस. त्या पानांचे फोटो आज रात्रीच पाठव. वहिनींना स्वयंपाकघरात चिकटवायला हवेत.

तुझी,
निमा