विम्याचे नियम रुग्णालयात मराठीत लावा

महोदय,
गेल्या पावसाळ्यात माझ्या चार वर्षांच्या मुलीला मध्यरात्री तापात आकडी आली. खासगी रुग्णालयात साध्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून रोज ५,००० रुपयांची खोली घ्यावी लागली. आमची पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे ३,०००. वरचे २,००० आपल्या खिशातून जातील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात विमा कंपनीने डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात (५,०००पैकी २,०००), म्हणजे ४० टक्क्यांनी कापले. औषधे आणि तपासण्यांना ही कपात लागू नसते, तरी तीही कपातीत धरली होती. ती आम्ही भांडून सोडवून घेतली.

विमा नियामकाच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने रुग्णालयाला परस्पर भरण्याच्या, अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायलाच हवा. त्यापुढच्या उशिराने वाढलेले बिल कंपनीने सोसायचे. हे किती आईबापांना ठाऊक आहे? लेकरू कण्हत असताना समोर इंग्रजी फॉर्म येतो आणि माणूस मुकाट सही करतो. हे नियम विमा खिडकीवर ठळक मराठीत लावणे सरकारने सक्तीचे करावे, आणि ती खिडकी रात्रीही उघडी ठेवायला लावावी. कंपनीने दाद दिली नाही तर पुण्यात विमा लोकपाल आहेत. तिथे तक्रारीला शुल्क नाही.

– एक आई, सातारा