एकवीस दिवस उशिरा

ती. अण्णा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू नुसतं "बरं" म्हणून फोन अण्णांच्या हातात दिला असतास. तुझं ते "बरं" मला झेपत नाही, म्हणून लिहितेय. दाद्याला सांगून ठेवलंय, जेवणं झाल्यावरच वाचून दाखव.

तर, मी १० मेला येत नाहीये. ३१ मेला येतेय. तिकीट बदलून झालंय, आता मुंबईचं विमान पर्थवरून आहे. मधल्या दिवसांत आम्ही चौघी इथून, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या बरोसातून, पार पश्चिमेच्या पर्थपर्यंत गाडीने जाणार आहोत. लुधियानाची ती (जिच्या आईशी तू व्हिडिओ कॉलवर लोणच्याबद्दल अर्धा तास बोललीस), कोरियाच्या दोघी आणि मी. चौघीही मुली आहेत, हे आत्याला आवर्जून सांगा. तिचा पहिला प्रश्न तोच असणार.

द्राक्षाच्या सबकेनला, शेंडे खुडायला, मी असेन असं म्हणाले होते, विसरले नाहीये. खरड छाटणी माझ्याशिवाय झाली, आता सबकेनही होणार. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दुपारीच पाय काढतात, सगळं माहितीये मला. म्हणूनच गेल्या आठवड्यात जे पैसे पाठवले ते शेततळ्याच्या प्लास्टिक कागदासाठी नव्हतेच. कागदाचे आधीच दिलेत. हे मजुरीचे आहेत. दोन बायका जास्त लावा. अण्णा, "आपण दोघं मिळून करू की" हे चालणार नाही. स्टेंट बसवून अजून दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग घरी येऊन थोडे दिवस राहा आणि पुन्हा जा फिरायला. अण्णा, पुन्हा कुठलं? एकदा आले की सबकेन, मग ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, घडांचं डिपिंग, मग बेदाण्याचं शेड. २०१९ च्या पावसानंतर आपल्या घरात कोणी चार दिवस कुठे गेलंय का? मी तक्रार करत नाहीये. फक्त हिशोब मांडतेय. आणि राजदूतवरून तिघं मित्र गणपतीपुळ्याला गेलेले, आजीला मात्र मिरजेला औषध आणायला जातो असं सांगितलेलं, ती गोष्ट मला कोणी सांगितली ते मी सांगणार नाही. मी निदान खरं सांगून जातेय.

इथला सीझन संपला. बरोसामध्ये फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षतोडणी. मोठ्या बागा रात्री मशीनने तोडतात, गारव्यात. जुन्या वेलींना मात्र हातच लागतो, त्या आमच्याकडे होत्या. अण्णा, तुम्ही हवे होता. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत, तारसुद्धा नाही. नुसतं झुडूप, आणि खोड आपल्या बांधावरच्या बोरीसारखं पिळलेलं. या खोऱ्यात १८४३ ची लावण अजून फळ देते. आपण पंधरा वर्षांत बाग काढतो! आणि डॉगरिजचा खुंट नाही, वेल स्वतःच्या मुळावर. कारण मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड या राज्यात अजून शिरलेलीच नाही. १८९९ मध्ये त्यासाठी कायदा केला होता यांनी. बाहेरच्या बुटांची माती बागेत येऊ नये म्हणून असले डोळे वटारतात की मला तुमची आठवण आली, डाऊनी रोगाच्या दिवसांत शेजारच्या बागेतून कोणी आलं की तुम्ही बघता तसं. शिराझ द्राक्षांनी बोटं अजून जांभळी आहेत. विमानतळावर शाईचा कारखाना समजतील.

आता रस्ता. आई, नीट ऐक. साधारण तीन हजार किलोमीटर आहे, पण वीस दिवसांत. रोज थोडं थोडं. गाडी इथंही डावीकडूनच चालवतात. स्टेशन वॅगन जुनी आहे, पण गॅरेजमध्ये दाखवून झाली. दोन स्टेपन्या, चाळीस लिटर पाणी, डबा-भांडी सगळं बरोबर. मधे नलारबोर म्हणून माळ आहे, नावाचा अर्थच "झाड नाही". आटपाडीकडचा माळ आठव आणि त्यातली बाभळही काढून टाक. बॅलाडोनियाच्या आधी १४६ किलोमीटर रस्ता सरळसोट आहे. तासगावातून निघून साताऱ्याच्या पुढे जाईपर्यंत एकही वळण नाही! त्यामुळे गाडी चालवणारीला झोप येऊ नये म्हणून शेजारी बसणारीने बोलत राहायचं, असा नियम केलाय. मला त्याचं काही टेन्शन नाही, असं तूच म्हणशील.

संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून साडेचारला गाडी थांबवायची म्हणजे थांबवायची. मुक्काम रोडहाऊसवर, म्हणजे हायवेवरच्या पंप-धाब्यावर, किंवा कॅराव्हॅन पार्कात. गरम पाण्याची आंघोळ सगळीकडे मिळते, चौकशी केलीये. (दाद्या, पुढचं वाक्य मनात वाच. या हायवेवर काही ठिकाणी रस्त्यावरच पट्टे मारलेत, फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरायला. मला ऐकून धीर आला, पण आईला नाही येणार.)

रेंज फक्त रोडहाऊसला. म्हणून माझा फोन दुपारी येईल, तुमची जेवणं झाल्यावर. इथलं घड्याळ सध्या तुमच्या चार तास पुढे आहे, पर्थला अडीच तास. आणि मधल्या युक्ला नावाच्या वस्तीत सव्वातीन तास, त्यांनी स्वतःचंच पाऊण-पाऊण घड्याळ लावलंय. त्यामुळे फोन अर्धा तास उशिरा आला तर लगेच गजाननाला पाण्यात ठेवू नकोस.

खाण्याचं म्हणशील तर तांदूळ, मूगडाळ आणि तुझ्या कांदा-लसूण मसाल्याची शेवटची पुडी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याच्या हद्दीवर डिकी उघडून बघतात, फळं-भाज्या-मध पुढे नेऊ देत नाहीत. म्हणून हद्दीच्या अलीकडे जे काही उरलं असेल त्याचं पिठलं-भरीत-खिचडी असं एक महाजेवण करायचं ठरलंय. कोरियाच्या दोघींना तुझा मसाला तिखट लागत नाही. मी खरंच सांगतेय.

अण्णा, एक गोष्ट तुमच्यासाठी ठेवलीये. स्कायलॅब आठवतं ना, आकाशातून कोसळणारी नासाची ती प्रयोगशाळा? १९७९. तुम्ही बारा वर्षांचे, आणि आता सगळे मरणारच म्हणून आजीने डब्यातलं होतं नव्हतं तेवढं तूप पुरणपोळ्यांवर संपवलेलं. ती आपल्या डोक्यावर पडली नाही, कारण ती इथं पडली! याच माळाच्या पश्चिमेला, बॅलाडोनिया आणि एस्परन्सच्या आसपास. एस्परन्सवाल्यांनी नासाला कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलरचा दंड लावला होता. तिथल्या म्युझियममध्ये तुकडे ठेवलेत. मी बघून येते आणि फोटो काढते. आजीला दाखवायला हवा होता.

कुरडयांचं मात्र वाईट वाटतंय. चीक ढवळायला मी नसणार. पातेल्याच्या कडेला लागलेला गरम चीक साखर घालून पहिला मला, मग दाद्याला, हे लहानपणापासून ठरलेलं. या वर्षी दाद्याचं फावलं. आई, गच्चीवर तू चढायचं नाहीस. गुडघ्याला पट्टा बांधून तर मुळीच नाही. साड्या अंथरायला आणि वाळलेलं उतरवायला दाद्या जाईल, तू खाली खुर्चीत बसून ओरड. ओरडायला गुडघा लागत नाही.

आणि अण्णा, फवारणीच्या ब्लोअरवर स्वतः बसायचं नाही. तोंडाला फडकं म्हणजे मास्क नव्हे. रक्त पातळ व्हायची गोळी जेवणानंतर, आठवेल तेव्हा नव्हे. १५ मेच्या आत शुगर तपासून रिपोर्ट मला पाठवा, रेंज आली की बघेन. ऊस चघळलात तर मला कळतं, दाद्या माझ्या बाजूने आहे.

इथल्या मालकीणबाई पुढच्या सीझनला ये म्हणतायत. ते आल्यावर बोलू. आत्ता त्यावर काही बोलू नका, मीही काही ठरवलेलं नाही.

रागावला असाल तर रागवा, पण मेसेज बघून गप्प बसू नका. दोन निळ्या टिका आणि उत्तर नाही, हे इथं फार लांबून दिसतं.

तुमची,
चिमी

ता. क. आई, चीक थोडासा फ्रीजमध्ये ठेवलास तर ३१ पर्यंत टिकेल का? नाही टिकणार, माहितीये. तरी ठेव.