फुटबॉल संघ पाठवा, पण वेळेवर ठरवून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचक-पत्रांत अलीकडे एका गृहस्थांनी लिहिले होते की, गोव्यातल्या फातोर्ड्यात सिंगापूरकडून हरून आशिया चषकाची वाट स्वतःच्या हाताने बंद करणाऱ्या भारतीय फुटबॉलवर सरकारने यापुढे छदाम खर्च करू नये आणि आशियाई क्रीडा स्पर्धांना तर हा संघ पाठवूच नये. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 14 ऑक्टोबर 2025 च्या त्या रात्री मीही स्टेडियममध्ये होतो. आपल्या छांगतेने लांबून मारलेला गोल पाहून आम्ही बाकांवर उभे राहिलो होतो. मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी झाली, पुढे दुसरा गोल बसला आणि 2-1 अशी हार घेऊन लोक मुकाट पार्किंगकडे निघाले. कुणाला शिव्या घालण्याचीही हौस उरली नव्हती.

पण हा राग भलत्यांवर निघतो आहे. आशियाई स्पर्धांत खेळतो तो संघ वेगळा. 2002 पासून तिथला पुरुष फुटबॉल 23 वर्षांखालील मुलांचा आहे, सोबत त्याहून जास्त वयाचे फक्त तीन खेळाडू नेता येतात. फातोर्ड्यातल्या पराभवाच्या महिनाभर आधी, सप्टेंबरमध्ये, आपल्या याच वयोगटाच्या संघाने बहारीनला 2-0 असे हरवले, कतारशी झुंज देऊन 1-2 अशी हार घेतली, ब्रुनेईला सहा गोल घातले. 23 वर्षांखालच्या आशिया चषकाची पात्रता थोडक्यात हुकली, म्हणून त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. मोठ्यांच्या संघाने बहारीनला हरवले असते तर पेपरांनी पहिले पान दिले असते!

आता नियम पाहा. सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या आठांत असाल तरच जा, असा सरकारी दंडक. फुटबॉलला तो लावताना मोजली गेली ती मोठ्यांच्या संघाची क्रमवारी. थोरल्या भावाची गुणपत्रिका पाहून धाकट्याला शाळेत प्रवेश नाकारण्यातला हा प्रकार. 2018 मध्ये याच कारणाने ऑलिंपिक संघटनेने फुटबॉल संघाला जकार्त्याच्या आशियाई स्पर्धांना जाऊ दिले नाही. त्या वेळी भारत जागतिक क्रमवारीत शंभराच्या आत होता आणि पुढच्याच जानेवारीत आशिया चषकात आपण थायलंडला 4-1 असे धुतले. ज्या मुलांना जकार्त्यात चार सामने मिळाले असते, ती तेवढ्याने मागे पडली. ते नुकसान कोण भरून देणार?

2023 मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी हाच पाढा पुन्हा सुरू झाला. आधी नकार. मग प्रशिक्षक स्टिमाच यांनी थेट पंतप्रधानांना खुले पत्र लिहिले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात क्रीडा मंत्रालयाने नियम शिथिल केला आणि पुरुष-महिला दोन्ही संघांना परवानगी दिली. इथपर्यंत ठीक. पण परवानगी आली तेव्हा क्लबांच्या इंडियन सुपर लीगचे वेळापत्रक पक्के होत आले होते. आशियाई स्पर्धा फिफाच्या दिनदर्शिकेत बसत नाहीत, त्यामुळे खेळाडू सोडायचे बंधन क्लबांवर नसते. त्यांनी हात आखडता घेतला. पगार ते देतात, दुखापत झाली तर भुर्दंड त्यांना, तेव्हा त्यांनाही सगळा दोष देता येत नाही. स्पर्धा आठवड्यावर आली तरी यादीत नावे येत-जात होती. शेवटी संघ पोहोचला पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि समोर यजमान चीन.

19 सप्टेंबर. त्या दिवशी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होती, गोवेकरांना आठवत असेल. आमच्या घरी फळाफुलांच्या माटोळीखाली गणपती बसलेला, पाहुण्यांची ये-जा चाललेली, आणि आतल्या खोलीत पुतणे-भाचे एका मोबाइलभोवती डोकी जुळवून बसलेले. पहिला गोल चीनने केला. आपला गोलरक्षक गुरमीतने पेनल्टी अडवली तेव्हा आतून असा आरडाओरडा झाला की बाहेर वहिनी दचकून ‘कितें जालें?’ म्हणून विचारत आली. मध्यंतराला शिट्टी वाजायच्या बेतात राहुल केपीने अगदी अवघड कोनातून चेंडू जाळ्यात मारला. 1-1. आरतीला बोलावणे आले तरी पोरे उठेनात. आणि उत्तरार्धात चार गोल बसले. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको, की त्या चार गोलांत चीनच्या खेळापेक्षा आमच्या मुलांच्या थकलेल्या पायांचा वाटा मोठा होता. प्रवासाचा शीण उतरलेला नाही, एकत्र सराव नाही. पंचेचाळीस मिनिटे जीव तोडून धावल्यावर पाय कुठून चालणार?

दोन दिवसांनी बांगलादेशाविरुद्ध 39 वर्षांच्या सुनील छेत्रीने 85 व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल करून सामना काढला. त्याच दिवशी कोचीत सुपर लीगचा पहिला सामना झाला, त्यात छेत्रीचाच बंगळुरू क्लब त्याच्याविना खेळत होता. एकाच देशाचे फुटबॉल चालवणाऱ्यांना एवढी तारीख जुळवता येऊ नये? म्यानमारशी 1-1, बाद फेरीत सौदी अरेबियाकडून 0-2. एवढ्या गोंधळात निघालेला संघ 2010 नंतर पहिल्यांदा बाद फेरीत गेला, हे ‘पाठवूच नका’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. महिला संघ मात्र दोन्ही सामने हरून परतला, तेही लपवायचे कारण नाही.

याच हांगझोऊला क्रिकेट मंडळानेही संघ पाठवला होता. विश्वचषक तोंडावर असल्याने मुख्य संघ जाणार नव्हता. तरी ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखाली दुसरा संघ जुलैच्या मध्यालाच जाहीर झाला होता. पावसाने अंतिम सामना वाया गेला आणि वरच्या मानांकनावर सुवर्ण भारताला मिळाले. एका खेळात क्रमवारीने सुवर्णपदक दिले, दुसऱ्यात तिनेच विमान अडवले होते. गंमत आहे.

गोव्याने या विषयावर बोलायला हवे, याला कारण आहे. 1962 साली जकार्त्यात दक्षिण कोरियाला 2-1 असे हरवून भारताने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले, त्या संघात कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको होते. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्याच कोरियाकडून भारत पहिला सामना 0-2 असा हरला होता, हे सहसा कुणी सांगत नाही. चीनकडून झालेल्या पहिल्या पराभवानंतर टीव्हीवर जे श्राद्ध घालण्यात आले, ते 1962 मध्ये घातले असते तर संघ परतीच्या जहाजातच बसला असता. फ्रँको 2021 मध्ये गेले. बार्देशातल्या किती शाळकरी मुलांना त्यांचे नाव माहीत आहे, कोण जाणे. आपल्याकडे भाताची कापणी झाली की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात, आणि तिथल्या पोरांपुढे आशियाई पदकाचा गोवेकर नमुना ठेवायला आपण विसरतो.

माझे म्हणणे एवढेच. फुटबॉलला सवलत द्या किंवा देऊ नका, पण ते 23 वर्षांखालील संघाच्या कामगिरीवर ठरवा आणि स्पर्धेच्या वर्षभर आधी ठरवा. परवानगी दिलीत की लीगच्या वेळापत्रकात त्या तीन आठवड्यांची मोकळीक आधीच ठेवा, खेळाडूंच्या विम्याची हमी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना द्यावी, आणि संघ किमान आठवडाभर आधी तिथे पोहोचावा. यांत पैशांपेक्षा वेळेवर सही करण्याचा प्रश्न अधिक आहे. गोव्याच्या फुटबॉल संघटनेने महासंघाच्या सभेत हा विषय लेखी मांडावा आणि आमच्या खासदारांनी क्रीडा मंत्रालयाला तो संसदेत विचारावा.

आपला,
एक वाचक,
कुर्टी, फोंडा