जलपर्णीचा खर्च छापला, नोंद कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुळा-मुठेतली जलपर्णी काढण्याच्या यंदाच्या खर्चाची बातमी आपल्या अंकात वाचली. रक्कम होती, यंत्रं किती ते होतं, मुदत होती. जलपर्णी किती निघाली, कुठल्या पट्ट्यातून निघाली आणि काढल्यावर किती दिवसांनी परत आली, यातलं काहीच नव्हतं. बातमीदाराला दोष देत नाही. मुळात कुणी लिहूनच ठेवत नसेल तर तो तरी कुठून देणार? या एका उणिवेबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण जमल्यास पूर्ण छापावं ही विनंती.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माहेर इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या पाण्याकाठी. बाहेरून आलेल्या वनस्पतीनं माणसाचं काय होतं हे मी पुस्तकाच्या आधी घरात पाहिलं. आई दुसऱ्यांच्या वावरात खुरपणीला जायची. बांधावर, पडीक रानात, पाटाच्या कडेला सगळीकडे ‘काँग्रेस’, म्हणजे गाजर गवत, माजलेलं असायचं. ते उपटण्याचे दिवस आले की तिच्या पापण्या सुजायच्या. कोपराच्या आतली आणि मानेची कातडी जाड, काळपट व्हायची आणि घडीवर चिरायची. भाकरी थापताना पिठाचा हात त्या चिरेला लागला की ती दातावर दात धरून श्वास आत ओढायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. कुणी नायटा म्हणालं, कुणी अंगातली उष्णता. खोबरेल झालं, कडुनिंबाचा पाला झाला. शेवटी पुण्यात एका त्वचारोगतज्ज्ञांनी हात बघूनच विचारलं, “गाजर गवत उपटता का?” रानात जाणं बंद करा, म्हणाले. तिनं दोन हंगाम बंद केलं. त्या दोन हंगामांत घरात काय आलं आणि काय नाही, ते आम्हा भावंडांना ठाऊक आहे.

पुण्यातल्या डॉक्टरांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाबद्दल वैद्यकीय नियतकालिकात 1968 मध्येच लिहिलं होतं, हे मला फार पुढे कळलं. ते ज्ञान दीडशे किलोमीटरवरच्या आमच्या वस्तीपर्यंत यायला वीस वर्षं लागली.

आणि हे गवत देशाच्या नजरेत पहिल्यांदा आलं तेही पुण्यातच. 1955 मध्ये इथल्या उकिरड्यांवर त्याची तुरळक रोपं दिसली आणि पुढच्याच वर्षी भारतातली नवी नोंद म्हणून ती प्रसिद्ध झाली. ‘पीएल-480’ या अन्नमदत योजनेतल्या अमेरिकन गव्हाबरोबर हे आलं, असं आपण सगळे म्हणतो. मीही वर्गात वर्षानुवर्षं तेच सांगितलं. पण त्या योजनेचा भारताशी करार झाला ऑगस्ट 1956 मध्ये, म्हणजे रोपं दिसल्यानंतर. त्याआधीही अमेरिकेतून गहू येत होता, त्यातून बी आलं असेल. पण पाठ केलेली गोष्ट तारखांपुढे टिकत नाही, एवढं नक्की. तारखा जुळवता आल्या, कारण कुणीतरी उकिरड्यावरचं एक अनोळखी रोप वाकून पाहिलं, ओळखलं आणि लिहून ठेवलं. आज या गवतानं भारतभर लाखो हेक्टर जमीन व्यापली आहे. एका झाडाला हजारो बिया येतात. गुरांनी खाल्लं तर दूध कडवट होतं, मेंढरांचं चराऊ रान जातं. बारामती, दौंड, इंदापूरकडच्या मेंढपाळांना विचारा, कुठलं माळरान कुठल्या साली गेलं ते वर्ष धरून सांगतील. त्यांना कुणी विचारलेलं नाही, हेच माझं दुखणं आहे.

आता पाण्याकडे येते. माझा चुलतभाऊ उजनीत मासेमारी करतो. गेल्या दिवाळीत पहाटे त्याच्याबरोबर होडीत बसले. जाळं वर आलं. बहुतेक चिलापी, दोन रोहू आणि तळाशी काळपट, अंगावर कडक चिलखत असलेला एक मासा. पाठीवरचा पर शिडासारखा ताठ. भावानं तो सोडवायला जवळजवळ दहा मिनिटं घेतली. पराचे काटे जाळ्यात असे अडकले होते की शेवटी त्याला चार-पाच फासे कापावे लागले. मासा बाजूला टाकला, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. हा सकर मासा, मूळ दक्षिण अमेरिकेतला. घरातल्या काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून दुकानातून बोटभर आणतात, टाकीत मावेनासा झाला की ‘जीव आहे, मारायचा कशाला’ म्हणून नदीत सोडतात. आमच्या सोसायटीतही एका मुलानं सोडला होता, अगदी प्रेमानं. भाऊ म्हणाला, “ताई, जाळं शिवण्यात दुपार जाते माझी. ती दुपार कोण मोजतं?”

त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

इथे सरसकट बोलून चालणार नाही, हेही त्याच होडीत कळलं. चिलापी काही इथली नाही. मूळची आफ्रिकेतली, भारतात आणली 1952 मध्ये. रोहू आणि कटला गंगेच्या खोऱ्यातले. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, वाहती भीमा साचली आणि साचल्या पाण्यात हे मासे फोफावले. भिगवणला हायवेवर थांबून आपण जी मच्छी चवीनं खातो, तिच्यात चिलापीचा मोठा वाटा आहे आणि त्यावर शेकडो घरं चालतात. चुलते सांगायचे की मरळ, वाम, शिंगाडा या इथल्या माशांनी पाटी भरायची; भावाच्या पाटीत आता ते सणावारासारखे येतात. त्यातला किती दोष चिलापीचा, किती धरणाचा, किती आपल्या शहरातून वाहत जाणाऱ्या मैलापाण्याचा? हे अंदाजानं सांगणं म्हणजे मच्छीमारांच्या ताटाशी खेळणं आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीनं मोजावं लागतं. तेच तर संशोधन.

हेतू चांगला असला तरी काय होऊ शकतं याचं एक उदाहरण थेट आपल्या नदीतलं आहे. ब्रिटिश अधिकारी कर्नल साईक्स यांनी 1839 मध्ये ज्या महसीर माशाचं वर्णन केलं, तो त्यांना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला होता. त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ आजही आहे. शहरातल्या नदीत तो आता स्वप्नातही दिसायचा नाही. हा मासा वाचावा म्हणून लोणावळ्यात त्याची पैदास सुरू झाली, आणि ते काम मोलाचंच होतं. पण 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं कावेरीतही सोडली गेली, जिथला तो नव्हता. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, कुबडाचा, जगातल्या सर्वात मोठ्या महसिरांपैकी एक. तो घटत गेला आणि आपला निळ्या परांचा वाढत गेला. 2018 मध्ये कावेरीचा महसीर ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. वाळूउपसा, धरणं, सुरुंगानं होणारी मासेमारी हीही कारणं आहेतच. तरी इथला संकटात सापडलेला मासा तिथे संकट होऊन गेला.

आणि हे कळलं कशावरून? गळ टाकून मासा पकडायचा, मोजायचा आणि परत सोडून द्यायचा, असं करणाऱ्या हौशी मंडळींच्या नोंदींवरून. 1998 ते 2012 या काळात कोणता मासा मिळाला, किती वजनाचा, किती तास बसल्यावर, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. शास्त्रज्ञांनी त्या नोंदी उलगडल्या आणि चित्र समोर आलं. भावाकडे अशी वही असती तर, असं तेव्हापासून सारखं वाटतं.

म्हणून जलपर्णीची ती बातमी मनाला लागली. ही वनस्पतीही दक्षिण अमेरिकेतली. मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद हे तिचं खाद्य, आणि ते आपण तिला बारा महिने पुरवतो. पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, गाळातलं बी पंधरा-वीस वर्षं रुजू शकतं. मी रोज ज्या पुलावरून जाते, त्याच्याखाली गेल्या मे महिन्यात काढलेले ढीग काठावरच पडून होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी चढलं आणि ढीग परत नदीत गेले. मी दोन्ही दिवशी फोटो काढले, तारखेसह. संबंधित कार्यालयात दाखवायला गेले तर सांगितलं, काम पूर्ण झाल्याचा शेरा झालेला आहे.

शेरा म्हणजे नोंद नाही. वजन किती भरलं, ढीग कुठे नेला, त्याचं खत झालं का, महिन्यानं तोच पट्टा किती झाकला गेला होता, वरच्या बाजूला कोणता नाला उघडा आहे, हे पाच-सहा रकाने कंत्राटातच घाला आणि दर महिन्याला जाहीर करा. तीन वर्षांत कळेल की पैसा यंत्रावर घालायचा की नाल्यावर. माझं मत विचाराल तर नाल्यावर. पण माझ्या मतावर खर्च करू नका, रकान्यांवर करा.

टेकड्यांचंही तसंच आहे, थोडक्यात सांगते. वेताळ टेकडीवर मी वीस वर्षं फिरते. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, मध्य अमेरिकेतून आलेली. उघड्या टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून लावली. फेब्रुवारीत ती फिकट गुलाबी फुलते आणि लोक फोटो काढतात. तिच्या दाट राईखाली मला गवत दिसत नाही. शेजारच्या मोकळ्या उतारावर पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि त्यात भारद्वाज, चंडोल. आता काही उत्साही मंडळी म्हणतात, सगळी तोडून टाका. कृपा करून एकदम तोडू नका. उघड्या पडलेल्या उतारावर पुढच्याच पावसात घाणेरी आणि गाजर गवत शिरेल. एक तुकडा काढा, देशी झाडं आणि गवत लावा, शेजारचा तुकडा तसाच ठेवा, पाच वर्षं दोन्हीकडे मोजा. वनस्पती सर्वेक्षणाचं विभागीय कार्यालय पुण्यात आहे, आघारकर संस्था आहे, आयसर आहे, कृषी महाविद्यालय आहे. देशात एवढी जाणती माणसं एका शहरात क्वचित असतील. त्यांच्या अभ्यासकांना दर रविवारी टेकडीवर येणारे आमच्यासारखे निवृत्त लोक हाताशी घेता येतील. आम्हाला झाडं ओळखायला शिकवा, मोजायचं काम आम्ही करू.

हा प्रश्न फक्त पुण्याचा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचाचा, आयपीबीईएसचा, अहवाल आला. माणसानं जगभर इकडून तिकडे नेलेल्या 37 हजारांहून अधिक प्रजाती, त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी, आणि 2019 मधलं वर्षाचं नुकसान 423 अब्ज डॉलर. मी तो आकडा भावाला सांगितला. तो जाळं शिवत होता. त्यात माझी दुपार धरली आहे का, एवढंच त्यानं विचारलं.

एक तातडीचं. देशभर 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह असतो. उपक्रम चांगलाच आहे. पण आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरींत हे गवत उगवतं, चार ते सहा आठवड्यांत फुलावर येतं. ऑगस्टच्या मध्यावर उपटायला जाल तर बी कधीच जमिनीत पडलेलं असतं आणि फुलोऱ्याचा त्रास उपटणाऱ्यांच्या अंगावर येतो. शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायतींनी जूनच्या अखेरीस, जमीन ओली आणि रोप वीतभर असताना मुळासकट काढावं. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला फडकं. मजुरीनं बाया लावणार असाल तर हातमोजे मालकानं द्यायचे, त्यांच्यावर सोडायचं नाही. मेक्सिकन भुंगे पानांवर दिसले तर तो तुकडा राखा, फवारू नका. हे गवत खाण्यासाठीच ते 1984 मध्ये देशात आणले आहेत.

आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही सहा जणी 25 जूनला सकाळी सात वाजता जमणार आहोत. काढण्याआधी एक चौरस मीटरच्या दहा चौकटींत रोपं मोजणार, वहीत लिहिणार, सप्टेंबरात त्याच चौकटी परत मोजणार. आकडे आपल्याला पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कोथरूड, पुणे