चात, मूत्रपिंड आणि चरबीचे रिपोर्ट

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इथिओपियातल्या दिरे दावा शहरात तुझ्याकडे ‘चात’ चघळणारे रुग्ण रोजच येणार; चात (इंग्रजीत khat) म्हणजे तरतरी आणणाऱ्या एका झुडपाची पाने. त्यांचा कुठलाही रिपोर्ट हातात घेण्याआधी एवढे विचार: शेवटची पाने कधी चघळली?

तिथल्या अवदाय गावच्या चात-बाजारातली ताजी पानेच जोरदार असतात. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांतले कॅथिनोन, म्हणजे तरतरी आणणारे मुख्य द्रव्य, बरेचसे मोडते. एका बैठकीला 100 ते 200 ग्रॅम पाने सहज लागतात. चघळायला लागल्यावर साधारण दोन तासांनी रक्तातले कॅथिनोन सर्वांत जास्त असते. रक्तवाहिन्या आवळतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. संध्याकाळच्या एका आकड्यावर कायमची गोळी सुरू करू नकोस. सकाळी, पानांविना, पुन्हा मोज. मात्र रोजचा हा चढ वर्षानुवर्षे मूत्रपिंडाला सोसावा लागतो. प्राण्यांना मोठ्या मात्रेत पाने दिली तेव्हा रक्तातले युरिया-क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायची टाकाऊ द्रव्ये) वाढलेले आणि मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशी बिघडलेल्या आढळल्या आहेत.

क्रिएटिनिनवर फार विसंबू नकोस, हे तुला कळकळीने सांगतो. चातने भूक मरते, माणूस वाळतो, स्नायू घटले की क्रिएटिनिनही कमी तयार होते. मूत्रपिंड थकलेले असूनही आकडा नॉर्मल दिसतो. म्हणून लघवीतले अल्ब्युमिन (मूत्रपिंड बिघडले की लघवीत झिरपणारे प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढच. 30 मिलिग्रॅम प्रति ग्रॅम किंवा वर आले, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपास. डोके दुखते म्हणून हे लोक डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशी वेदनाशामके घेतात का, तेही विचार. आधीच आवळलेल्या रक्तपुरवठ्यावर तो दुसरा घाव. लघवीची धार बारीक झाली म्हणून लगेच प्रोस्टेटला दोष देऊ नकोस. चातमुळे मूत्राशयाचे तोंड आवळते. काही दिवस पाने बंद ठेवून बघ.

चातचा रक्तातल्या चरबीवर काय परिणाम होतो, याचे अभ्यास उलटसुलट आहेत, आणि मला त्याचे नवल वाटत नाही. भूक मेल्याने वजन उतरते, पण सोबत गोड चहा, कोला आणि सिगारेट चालूच असतात. गोड पेयांनी ट्रायग्लिसराईड (रक्तातली एक चरबी) चढते आणि दोष जातो पानांना. आदल्या दिवशी पाने आणि गोड पेये बंद, 12 तास उपाशी, मगच रक्त घे.

अँपिसिलिन हे प्रतिजैविक लिहून दिलेस तर चघळण्याची बैठक संपल्यावर दोन तासांनी घ्यायला सांग, नाहीतर ते नीट शोषलेच जात नाही. पाने सोडणाऱ्याला पहिले काही दिवस मरगळ आणि झोप येईल, हे आधीच बजावून ठेव, घरच्यांनाही.

तुझा,
अनिल